साध्या कॅरॅव्हॅनसह कुटुंबाचा लांबचा प्रवास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साधी कॅरॅव्हॅन म्हणजे नेमकी कशी?

येथे साधी कॅरॅव्हॅन म्हणजे घरच्या नेहमीच्या मोटारीमागे जोडून ओढत नेता येईल अशी, एकाच आसाची आणि चार माणसांना झोपता येईल एवढी कॅरॅव्हॅन गृहीत धरली आहे. दिवसा जेवणाचे टेबल आणि बाके, रात्री त्यांचाच पलंग, दोन शेगड्यांचा ओटा, छोटा फ्रिज, पाण्याची टाकी आणि फार तर एका कोपऱ्यात शौचालयाची खोली, इतकाच तिचा संसार असतो. कुटुंबाने एकत्र फिरावे या इच्छेतूनच हे वाहन घडत गेले आहे. जर्मनीत आरिस्ट डेथलेफ्स यांनी १९३१ मध्ये पहिली कॅरॅव्हॅन बांधली, ती व्यवसायासाठी सतत फिरावे लागत असताना वाग्दत्त वधूची सोबत सुटू नये म्हणून. मोठ्या कॅरॅव्हॅनमध्ये सुखसोयी अधिक असतात हे खरे, पण त्या ओढण्यासाठी मोठी गाडी लागते, वळायला मोठी जागा लागते आणि मुक्कामाचे पर्याय कमी होतात. लांबच्या प्रवासासाठी लहान कॅरॅव्हॅन ही तडजोड नव्हे, अनेकदा तीच अधिक योग्य निवड ठरते.

आमची गाडी कॅरॅव्हॅन ओढू शकेल का?

याचे उत्तर इंजिनाच्या ताकदीवरून नव्हे, तर वजनाच्या आकड्यांवरून मिळते. गाडीच्या नोंदणीपत्रात किंवा निर्मात्याच्या पुस्तिकेत आपली गाडी जास्तीत जास्त किती वजन ओढू शकते हे दिलेले असते. त्याशिवाय गाडी आणि कॅरॅव्हॅन मिळून एकत्रित वजनाची मर्यादाही दिलेली असते आणि कुटुंबांची फसगत बहुधा याच आकड्यापाशी होते. चार माणसे, डिकीभर सामान आणि टपावरचा पेटारा घेऊन गाडी स्वतःच्या मर्यादेपर्यंत भरली, तर एकत्रित मर्यादेतून कॅरॅव्हॅनच्या वाट्याला उरणारे वजन पुस्तिकेतील ओढण्याच्या आकड्यापेक्षा बरेच कमी असू शकते.

कायद्याने जे चालते ते नवशिक्याला झेपतेच असे नाही. ब्रिटनमधील कॅरॅव्हॅनधारकांच्या संस्था फार पूर्वीपासून असा सल्ला देत आल्या आहेत, की भरलेल्या कॅरॅव्हॅनचे वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावे. म्हणजे गाडीचे रिकामे वजन १,५०० किलो असेल, तर कॅरॅव्हॅन सर्व सामानासह १,२७५ किलोच्या आत असावी. हा कायदा नाही, पण पहिल्या लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या कुटुंबाने तो कायद्यासारखाच पाळावा असे माझे ठाम मत आहे. चालवण्याच्या परवान्याचे, वेगमर्यादेचे आणि विम्याचे नियम देशागणिक वेगळे असतात, त्यामुळे ज्या ज्या प्रदेशातून जायचे आहे तेथील नियम निघण्यापूर्वी वाचून ठेवावेत.

सामान किती नेता येते?

वाटते त्यापेक्षा पुष्कळच कमी. कॅरॅव्हॅनच्या दाराजवळील पट्टीवर कमाल अनुमत वजन छापलेले असते. त्यातून तिचे रिकामे वजन वजा केले की सामानासाठी उरलेला आकडा मिळतो. समजा कमाल वजन १,३०० किलो आहे आणि रिकामे वजन १,१०० किलो. हातात २०० किलो उरले, आणि ते भरपूर वाटतात. आता खांबांसह कापडी मांडव २५ किलो, दोन लहान गॅस सिलिंडर २० किलो, बॅटरी २२ किलो आणि पूर्ण भरलेली ४० लिटरची टाकी म्हणजे ४० किलो, एवढे वजा करा. उरले ९३ किलो. त्यात चार जणांचे कपडे, अंथरुणे, भांडी, शिधा, खुर्च्या, मुलांची खेळणी आणि हत्यारांची पेटी बसवायची आहे.

म्हणून पहिला उपाय सोपा आहे. पाण्याची टाकी शक्य तेथे मुक्कामी पोहोचल्यावर भरावी आणि वाटेत पिण्यापुरतेच पाणी जवळ ठेवावे. दुसरा उपाय असा, की घरी वजनकाट्यावर प्रत्येक पिशवी तोलून तिचा आकडा कागदावर लिहावा. हे कंटाळवाणे वाटते, पण जड काय आहे हे डोळ्यांना कळत नाही. डबाबंद पदार्थांचा एक खोका आणि पुस्तकांची एक पिशवी मिळून एका मुलाच्या सगळ्या कपड्यांपेक्षा जड भरतात. निघण्याच्या आदल्या दिवशी सगळे भरून झाल्यावर जवळच्या वाहनांच्या वजनकाट्यावर कॅरॅव्हॅन एकदा तोलून घेतल्यास शंकेला जागा उरत नाही. वजन अधिक भरल्यास ते गाडीत हलवून प्रश्न सुटेलच असे नाही, कारण गाडीलाही तिची स्वतःची मर्यादा आहे. अशा वेळी वस्तू घरीच ठेवाव्यात.

सामान कोठे ठेवावे, आणि कॅरॅव्हॅन मागे हेलकावे का खाते?

हे दोन प्रश्न एकच आहेत, म्हणून उत्तरही एकत्र देत आहे. जड वस्तू जमिनीलगत आणि चाकांच्या आसावर किंवा किंचित पुढे, मध्यम वजनाच्या वस्तू त्यांच्या आजूबाजूला आणि वरच्या कपाटांत फक्त हलके सामान, असा क्रम ठेवावा. मागच्या टोकाला जड वस्तू ठेवणे सर्वांत धोक्याचे असते. टोकाला असलेले वजन एकदा बाजूला झुलू लागले की ते थांबवणे कठीण जाते, शिवाय त्यामुळे पुढच्या बाजूचा टो बॉलवरील, म्हणजे गाडीच्या मागे कॅरॅव्हॅन जोडण्यासाठी असलेल्या गोळ्यावरील, भार हलका होतो.

टो बॉलवर येणारा हा भार स्वतंत्रपणे मोजावा लागतो. युरोपीय पद्धतीच्या कॅरॅव्हॅनसाठी तो भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के ठेवण्याचा प्रघात आहे, तर उत्तर अमेरिकेत १० ते १५ टक्के धरतात. १,२०० किलोच्या कॅरॅव्हॅनसाठी पहिल्या हिशेबाने ६० ते ८४ किलो होतात आणि दुसऱ्या हिशेबाने १२० ते १८०. हा फरक जोडणीच्या रचनेतील आणि वेगमर्यादांमधील फरकातून आलेला आहे, त्यामुळे एका ठिकाणचा सल्ला दुसऱ्या ठिकाणच्या गाडीला लावू नये. आपल्या गाडीच्या आणि टो बारच्या (टो बॉल ज्यावर बसवलेला असतो त्या दांड्याच्या) पट्टीवरील मर्यादा हीच अंतिम मानावी. हा भार मोजण्याचे छोटे काटे मिळतात.

आता हेलकाव्यांविषयी. मोठा ट्रक शेजारून पुढे गेला, पुलावर आडवा वारा लागला किंवा उतारावर वेग वाढला, की कॅरॅव्हॅन डावी-उजवीकडे झुलू लागते. अशा वेळी चालकाची स्वाभाविक प्रतिक्रिया घात करणारी असते. स्टिअरिंग उलट दिशेने फिरवून झोल मोडण्याचा प्रयत्न करू नये, कारण प्रत्येक दुरुस्ती उशिरा पोहोचते आणि हेलकावा वाढवते. गाडीचा ब्रेक जोरात दाबू नये. वेग वाढवून कॅरॅव्हॅन सरळ करण्याचा सल्ला कानावर आला असेल, तर तो पूर्णपणे विसरावा. दोन्ही हातांनी स्टिअरिंग सरळ धरावे, ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढावा आणि वेग आपोआप कमी होऊ द्यावा. कॅरॅव्हॅनला इलेक्ट्रिक ब्रेक असून त्याचा हाताने चालवण्याचा खटका चालकाजवळ असेल, तर फक्त कॅरॅव्हॅनचे ब्रेक हलकेच लावल्याने ती मागून ताणली जाऊन सरळ होते. झोल थांबल्यावर पहिल्या सुरक्षित जागी थांबून सामानाची मांडणी आणि टायरमधील हवा तपासावी, कारण हेलकावा बहुधा काहीतरी चुकले आहे याची सूचना असते. कपलिंगवर, म्हणजे टो बॉलवर बसणाऱ्या कॅरॅव्हॅनच्या पकडीवर, बसवायचे हेलकावा रोखणारे स्टॅबिलायझर उपयोगी आहेत, पण चुकीच्या भरणीवर ते उपाय नाहीत.

कॅरॅव्हॅन जोडताना काय तपासावे?

कपलिंग टो बॉलवर बसल्याचा आवाज आला म्हणजे जोडणी झाली असे समजू नये. बहुतेक कपलिंगवर हिरव्या रंगाची खूण असते. ती दिसते का ते वाकून पाहावे. त्यानंतर जॉकी व्हीलचा, म्हणजे कॅरॅव्हॅनच्या पुढच्या टोकाला आधार देणाऱ्या लहान चाकाचा, दांडा फिरवून कॅरॅव्हॅनचे नाक किंचित वर उचलावे. जोडणी पक्की असेल तर गाडीचा मागचा भागही तिच्याबरोबर वर येतो, आणि नसेल तर कपलिंग बॉलवरून निसटून वर येते. खात्री पटल्यावर जॉकी व्हील पूर्ण वर घेऊन घट्ट करावे, सुटल्यास ब्रेक लावणारी सुरक्षा केबल नेमलेल्या ठिकाणी अडकवावी, विजेचा प्लग जोडावा आणि एका माणसाला मागे उभे करून ब्रेकचे दिवे, इंडिकेटर आणि टेललाइट एकेक करून पाहावेत. मग कॅरॅव्हॅनचा हँडब्रेक सोडावा.

हे काम एकाच माणसाने, दर वेळी त्याच क्रमाने आणि कोणाशीही न बोलता करावे. मध्येच कोणी हाक मारली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी. आत दुसऱ्याने छताच्या खिडक्या, कपाटांच्या कड्या, फ्रिजचे दार आणि गॅसचा मुख्य झडप पाहून यावे.

चढ-उतार, वळणे आणि रिव्हर्स कसे सांभाळावे?

वळताना कॅरॅव्हॅनची चाके गाडीच्या चाकांपेक्षा आतून जातात, त्यामुळे कोपरा थोडा उशिरा आणि रुंद घ्यावा. कॅरॅव्हॅन गाडीपेक्षा रुंद असल्यास बाहेर येणारे जादा आरसे लावल्याशिवाय निघू नये.

डोंगराळ रस्त्यावर उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा आणि इंजिनाच्या रोधावर वेग धरावा. ब्रेक सतत दाबून ठेवल्यास तो तापून निकामी होऊ शकतो. मधून मधून ठाम दाबून वेग उतरवावा आणि पुन्हा सोडावा. चढावर तापमानाच्या काट्याकडे लक्ष असावे. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर १,००० मीटर उंचीमागे सुमारे १० टक्क्यांनी घटते, त्यामुळे सपाटीवर सहज ओढणारी गाडी उंच खिंडीत दमते.

रिव्हर्ससाठी एक युक्ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरावा. कॅरॅव्हॅनचा मागचा भाग ज्या बाजूला न्यायचा त्याच बाजूला हात हलवावा. हालचाल लहान ठेवावी, आणि गाडी व कॅरॅव्हॅन यांच्यातील कोन फार वाढला तर पुढे जाऊन सरळ करून पुन्हा सुरुवात करावी. रिकाम्या मैदानात दोन तास सराव केल्याखेरीज लांबच्या प्रवासाला निघू नये.

मुले प्रवासात कॅरॅव्हॅनमध्ये बसू शकतात का?

नाही. बहुतेक देशांत ते बेकायदा आहे आणि कोठे मनाई नसली तरीही बसवू नये. आत पट्टे नाहीत, हलके फर्निचर आहे आणि चालकाला मागचे काहीही कळत नाही.

दिवसाला किती अंतर ठरवावे?

लहान मुले बरोबर असतील तर २५० ते ३०० किलोमीटर पुरेसे आहेत, आणि नकाशाच्या ॲपने दाखवलेल्या वेळेत किमान एक तृतीयांश भर घालावी, कारण तो अंदाज एकट्या मोटारीचा असतो. प्रवास आटोक्यात ठेवणे हा लहान कॅरॅव्हॅनच्या सहलीचा कणा आहे असे मी मानतो. वेग वाढवून फार काही साधत नाही. ३०० किलोमीटरचा मोकळा रस्ता ताशी ८० किलोमीटरने पावणेचार तासांत आणि १०० ने तीन तासांत संपतो. वाचलेल्या पाऊण तासासाठी हवेचा रोध दीडपटीहून अधिक होतो, इंधन अधिक जळते आणि हेलकाव्याचा धोका वाढतो. अनेक ठिकाणी कॅरॅव्हॅन ओढणाऱ्या गाडीला वेगमर्यादाही कमी असते.

उजेड असताना मुक्कामी पोहोचणे हा नियम मोडू नये. अनोळखी जागेत अंधारात, भुकेलेली मुले मागे बसलेली असताना कॅरॅव्हॅन मागे घेणे ही भांडणाला दिलेली हाकच असते. लांबच्या प्रवासात दर तीन-चार दिवसांनी एकाच जागी दोन किंवा अधिक रात्री काढाव्यात, म्हणजे कपडे धुता येतात, मुले मित्र जोडतात आणि चालकाला खरी विश्रांती मिळते.

मुक्कामी पोहोचल्यावर कामांचा क्रम काय असावा?

प्रथम कॅरॅव्हॅन आडव्या दिशेने समतल करावी, म्हणजे जी बाजू खाली असेल त्या चाकाखाली उतरता ठोकळा घालावा. मग हँडब्रेक लावून, चाकांना पाचर देऊन गाडी सोडवावी आणि पुढे-मागे समतल जॉकी व्हीलने साधावे. त्यानंतरच चार कोपऱ्यांचे आधारपाय खाली सोडावेत. हे पाय डगमग थांबवण्यासाठी असतात, उचलण्यासाठी नव्हेत. त्यांनी कॅरॅव्हॅन उचलायला गेल्यास सांगाडा वाकू शकतो. गॅसवर चालणारा फ्रिज असेल तर समतल असणे विशेष महत्त्वाचे आहे, कारण त्यातील द्रव केवळ उताराने वाहत असतो आणि कललेल्या अवस्थेत तो नीट थंड करत नाही.

इतक्या लहान जागेत सगळ्यांनी राहायचे कसे?

प्रत्येकाला एक ठरलेली जागा द्यावी. मुलाचे स्वतःचे एक कपाट आणि एक कापडी पेटी असली, आणि त्या पेटीत मावेल तेवढेच न्यायचे हे त्याला आधीच माहीत असले, की निम्मी ओढाताण संपते. मुलांना खरी कामेही द्यावीत. सात-आठ वर्षांचे मूल समतल पाहण्याची पाण्याची पट्टी वाचू शकते, मोठे मूल निघण्याच्या यादीवर खुणा करू शकते, आणि आपल्यावाचून हे घर हलत नाही ही जाणीव मुलांना फार आवडते.

टेबलाचा पलंग रोज घालावा आणि मोडावा लागतो, म्हणून तो सर्वांत शेवटी झोपणाऱ्या आणि आधी उठणाऱ्या मोठ्यांनी घ्यावा. मुलांना कायमची बिछान्याची जागा द्यावी. आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांची झोपण्याची जागा दाराजवळ असावी, दाराबाहेर रुंद आणि न हलणारी पायरी असावी आणि रात्रीसाठी मंद दिवा असावा. पावसाच्या दिवशी बाहेरचा मांडव ही दुसरी खोली ठरते, पण वारा वाढू लागला की तो उतरवावा. रात्री अंधारात भिजत उतरवण्यापेक्षा झोपण्यापूर्वी निर्णय घेणे बरे. चौघांच्या श्वासाने रात्रीत खिडक्यांवर पाणी धरते, म्हणून थंडी असली तरी छताची खिडकी बोटभर उघडी ठेवावी आणि तळातील व भिंतीतील कायमची हवाद्वारे कधीही कोंबून बंद करू नयेत.

बाहेरची वीज नसेल तर किती दिवस निभावते?

१०० अँपिअर-तासांच्या (हे बॅटरीत मावणाऱ्या विजेचे माप) लेड ॲसिड बॅटरीतून निम्मीच वीज काढावी, नाहीतर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे हाताशी ५० अँपिअर-तास. एलईडी दिवे, पाण्याचा पंप आणि फोन यांना दिवसाला फार लागत नाही, पण कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज ३० ते ४० अँपिअर-तास घेऊ शकतो, त्यामुळे सूर्यप्रकाशाच्या मदतीशिवाय एक दिवस हाच हिशेब धरावा. १०० वॉटचे सौर पॅनेल चांगल्या उन्हाच्या दिवशी साधारण २५ ते ३५ अँपिअर-तास परत देते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी महाग पडते, मात्र ती हलकी असते आणि तिच्यातील बहुतेक सगळी वीज वापरता येते. वजनाची चणचण असलेल्या कुटुंबाने एखादा खर्च करायचाच असेल तर तो येथे करावा. केटल, हेअर ड्रायर आणि विजेचा हीटर बॅटरीवर चालवण्याचा विचार सोडून द्यावा.

पाणी आणि शौचालय यांची व्यवस्था कशी ठेवावी?

४० लिटर पाणी चार जणांना स्वयंपाक, भांडी आणि हात-तोंड धुण्यासाठी काटकसरीने एक-दोन दिवस पुरते. अंघोळ मुक्कामस्थळी करावी. वापरलेले पाणी भांड्यात धरून नेमलेल्या जागीच ओतावे. कॅसेट शौचालयाची, म्हणजे खालची मैल्याची पेटी बाहेर काढून रिकामी करता येते अशा शौचालयाची, पेटी साधारण १७ ते २० लिटरची असते आणि पूर्ण भरण्याची वाट न पाहता दर दोन दिवसांनी रिकामी करावी. हे काम कोणाचे, हे घरातून निघण्यापूर्वीच ठरवून टाकावे.

गॅसबाबत कोणती काळजी घ्यावी?

चालत्या प्रवासात सिलिंडरचा झडप बंद असावा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो, आणि तो बाहेर जावा म्हणूनच सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला भोके असतात. त्यावर सामान ठेवू नये. थंड प्रदेशात जायचे असेल तर प्रोपेन घ्यावा, कारण ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायूत रूपांतरित होणे थांबवतो, तर प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत काम देतो. शेगडी पेटवून खोली गरम करू नये, आणि कोळशाची शेगडी विझलेली वाटली तरी आत किंवा मांडवात आणू नये. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही. चालू अवस्थेतील कार्बन मोनॉक्साइड अलार्म आणि अग्निशामक नसेल तर मुलांना घेऊन निघू नये.

टायर जुने असले तरी खाचा खोल आहेत, मग चालतील ना?

कॅरॅव्हॅनचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. ती महिनोन्महिने उभी असते, ऊन खाते, आणि रबर आतून कडक होते. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर बदलण्याचा विचार करावा आणि सातच्या पुढे खाचा कितीही चांगल्या दिसल्या तरी वापरू नयेत. हवा थंड टायरमध्ये मोजावी, आणि चाक काढून पुन्हा बसवले असल्यास साधारण ५० किलोमीटरनंतर नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासावेत. स्टेपनी आहे का, आणि गाडीचा जॅक कॅरॅव्हॅनला चालतो का, हे घरी पाहावे.

मुक्कामांचे आगाऊ आरक्षण करावे का?

सुट्ट्यांच्या हंगामात आणि पहिल्या दोन रात्रींसाठी जरूर करावे. पुढचे मोकळे ठेवावे.

परत आल्यावर कॅरॅव्हॅन कशी ठेवावी?

टाकी, नळ आणि गरम पाण्याचा हीटर पूर्ण रिकामा करावा, कारण गोठण्याइतकी थंडी पडल्यास आतील पाणी पाइप फोडते. शौचालयाची पेटी धुऊन तिचे झाकण उघडे ठेवावे. फ्रिज पुसून त्याचे दार फटीइतके उघडे अडकवावे, नाहीतर बुरशी धरते. गाद्या उभ्या करून ठेवाव्यात. बॅटरी पूर्ण चार्ज करून तिच्या तारा सोडाव्यात आणि लेड ॲसिड असल्यास काही आठवड्यांनी पुन्हा चार्ज करावी. कॅरॅव्हॅन सपाट जागी उभी असेल तर चाकांना पाचर देऊन हँडब्रेक मोकळा सोडावा, म्हणजे ब्रेक पकडून बसत नाहीत. टायरवर ऊन येत असेल तर आच्छादन घालावे. न वापरलेल्या वस्तूंची यादी मात्र त्याच आठवड्यात, आठवण ताजी असताना करावी, आणि प्रत्येकीपुढे तिचे वजन लिहावे.